अस्थिघनता व मनगटाचा अस्थिभंग

अस्थिघनता व मनगटाचा अस्थिभंग : हाडाच्या ठराविक क्षेत्रफळात अथवा घनफळात सामावलेल्या खनिज द्रव्याच्या प्रमाणास अस्थिघनता म्हणतात. हे खनिज मुख्यत्वे कॅल्शियम व फॉस्फेट यांचे बनलेले असून ते कोलॅजेन या तंतुमय प्रथिनाच्या जाळीवर बसविलेले असते. वयोमानाने, विशेषतः स्त्रियांमध्ये ऋतुनिवृत्तीनंतर (पाळी कायमची गेल्यानंतर), अस्थिघनता कमी होत जाते व हाडे किरकोळ आघातानेही मोडू लागतात. या अवस्थेस अस्थिविरलता म्हणतात. अस्थिविरलता वेदनारहित असते. तिची पहिली जाणीव बहुधा हाड मोडल्यावरच होते आणि असे प्रथम मोडणारे हाड पुष्कळदा मनगटाचे असते. उभ्याने चालताना पाय घसरून हातावर पडल्यामुळे पन्नाशीनंतरच्या स्त्रीचे मनगट मोडले, तर ती केवळ एक दुखापत न समजता सर्व सांगाड्याच्या दुर्बलतेची खूण समजणे आवश्यक असते.

अग्रबाहूत (कोपर ते मनगट या भागात) दोन हाडे असतात. करंगळीच्या बाजूस अंतःप्रकोष्ठास्थी व अंगठ्याच्या बाजूस बहिःप्रकोष्ठास्थी. तळहातावर येणाऱ्या भारापैकी सु. ८० टक्के भार बहिःप्रकोष्ठास्थीच्या खालच्या रुंद टोकावर पडतो. या टोकाची रचना लक्षात घेण्याजोगी आहे. हाडाचा दांडा जाड व निबिड अशा अस्थिद्रव्याचा असतो. परंतु मनगटाजवळ हे कवच अगदी पातळ होते व आतील भाग स्पंजासारख्या जाळीदार, सुषिर अस्थिद्रव्याने भरलेला असतो. अस्थिद्रव्याची झीज हाडाच्या पृष्ठभागावर होते व जाळीदार भागात पृष्ठभाग पुष्कळ अधिक असल्याने झिजेचा पहिला व मोठा परिणाम तेथेच दिसतो. जाळीतील आडवे दुवे आधी नाहीसे होतात. उरलेले उभे दुवे शाबूत दिसले, तरी बाजूचा आधार गेल्यामुळे ते भाराखाली वाकतात व मोडतात. खनिजाचे प्रमाण थोडेसे घटले असताही बळ त्यामानाने फार घटते, ते यामुळे.

या अस्थिभंगाचे उत्कृष्ट वर्णन डब्लिन येथील शस्त्रवैद्य एब्राहम कॉलिस यांनी १८१४ मध्ये प्रसिद्ध केले. त्यांच्या नावावरूनच त्यास ‘कॉलिस अस्थिभंग’ म्हणतात. फ्रान्समध्ये क्लोद पूतो यांनी तत्पूर्वी, अठराव्या शतकात, त्याची नोंद केली होती. त्याआधी ही इजा मनगटाचा सांधा निखळल्याची समजली जात असे. क्ष-किरणांचा शोध १८९५ मध्ये लागला; म्हणजे कॉलिस यांनी आपले निदान केवळ बोटांच्या स्पर्शाने, त्या शोधापूर्वी ८१ वर्षे केले होते. मोडलेला तुकडा हाताच्या पाठीकडे सरकल्यामुळे मनगट बाजूने पाहिले असता जेवणाच्या काट्यासारखे वाकलेले दिसते. तुकडा उलट दिशेस, तळहाताकडे सरकला, तर त्यास आर. डब्ल्यू. स्मिथ यांचे नाव दिले जाते (१८४७).

ऋतुनिवृत्ती व अस्थिक्षय : हाड ही निर्जीव वस्तू नव्हे. अस्थिभंजक कोशिका (पेशी) जुने अस्थिद्रव्य विरघळवून खड्डे पाडतात व अस्थिजनक कोशिका ते भरून काढतात. हे काम जन्मभर चालू असते. तिशीच्या सुमारास सांगाड्यातील खनिजाचा साठा कमाल मर्यादेस पोहोचतो. स्त्रीच्या बीजांडकोशांतून स्रवणारे स्त्रीमदजन (ईस्ट्रोजेन) हे हॉर्मोन अस्थिभंजक कोशिकांना आवर घालते. ऋतुनिवृत्तीच्या वेळी ते कमी होताच खड्डे पाडण्याचा वेग वाढतो व भरण्याचे काम मागे पडते. पहिल्या पाच ते सात वर्षांत जाळीदार हाडांतील खनिज दरवर्षी सु. २ ते ३ टक्क्यांनी घटते. पुढे हा वेग मंदावतो, परंतु थांबत नाही. ऋतुनिवृत्ती व अस्थिविरलता यांचा हा संबंध अमेरिकन वैद्य फुलर ऑलब्राइट यांनी १९४० च्या सुमारास प्रथम स्पष्ट केला.

बाळंतपणे व अंगावर पाजणे यांमुळे ‘हाडे पोकळ होतात’ हा समज सर्वत्र रूढ आहे. तो अंशतःच खरा आहे. स्तनपानाच्या काळात मातेच्या हाडांतील खनिज ३ ते ५ टक्क्यांनी घटते. परंतु दूध तोडल्यानंतर सहा महिने ते वर्षभरात ते बहुतांशी भरून येते. ऋतुनिवृत्तीनंतरची झीज मात्र आपोआप भरून येत नाही.

पडण्याची रीत : मनगट मोडण्यास अस्थिघनतेइतकेच पडण्याच्या रीतीसही महत्त्व आहे. पाश्चात्त्य देशांतील पाहण्यांत स्त्रियांमध्ये मनगटाच्या अस्थिभंगाचे प्रमाण वयाच्या ४५ ते ६० या काळात झपाट्याने वाढते व नंतर जवळजवळ स्थिरावते असे आढळले आहे. खुब्याच्या (ऊर्वस्थीच्या मानेच्या) अस्थिभंगाचे प्रमाण याउलट सत्तरीनंतर वाढत जाते. हाडे तर दोन्ही ठिकाणची झिजत असतात. मग फरक का पडावा? पन्नाशीची स्त्री भराभर चालते. ती पडते तेव्हा पुढे झोकांडते आणि तिचा हात वेळेवर पुढे येतो. मनगट मोडते, पण खुबा वाचतो. पंचाहत्तरीची स्त्री सावकाश चालते, जागच्या जागी बाजूस वा मागे कोसळते. हात पुढे करण्याइतकी चपळता तिच्यात उरलेली नसते व सर्व आघात खुब्यावर बसतो. मनगटाचा अस्थिभंग झालेल्या स्त्रीस पुढे खुब्याचा अस्थिभंग होण्याचा धोका इतर स्त्रियांच्या मानाने सु. दीडपट ते दुप्पट असतो. दोहोंमध्ये सामान्यतः दहा-पंधरा वर्षांचे अंतर असल्याने उपाययोजनेस भरपूर अवधी मिळतो. खुब्याचा अस्थिभंग हा वृद्धापकाळी अंथरुणास खिळविणारा व पुष्कळदा प्राणघातक ठरणारा विकार असल्यामुळे हा अवधी वाया जाणे फार महागात पडते.

अस्थिघनतेचे मापन : साध्या क्ष-किरण चित्रावरून अस्थिविरलतेचा अंदाज विश्वसनीय रीतीने करता येत नाही, कारण सु. ३० टक्के खनिज नाहीसे होईपर्यंत चित्रात फरक जाणवत नाही. जे. आर. कॅमरॉन व जे. ए. सोरेन्सन यांनी १९६३ मध्ये किरणोत्सर्गी उद्गमातील फोटॉनांच्या शोषणावरून खनिजाचे प्रमाण मोजण्याची पद्धत मांडली. ती प्रथम अग्रबाहूच्या हाडांवरच वापरण्यात आली, हा योगायोग नव्हे. तेथे भोवतालचे मांस कमी असते. १९८७ च्या सुमारास दोन ऊर्जांचे क्ष-किरण वापरणारे ‘डेक्सा’ उपकरण प्रचारात आले व कंबरेचे मणके आणि खुबा यांचे मापन सुलभ झाले. या तपासणीतील किरणांची मात्रा अत्यल्प, छातीच्या नेहमीच्या क्ष-किरण चित्राहूनही कमी असते.

जागतिक आरोग्य संघटनेने १९९४ मध्ये ठरविलेल्या निकषानुसार रुग्ण स्त्रीची अस्थिघनता तरुण निरोगी स्त्रियांच्या सरासरीपेक्षा किती प्रमाण विचलनांनी कमी आहे, ते ‘टी-अंका’ने दर्शवितात. हा अंक उणे १ पर्यंत असल्यास घनता प्राकृत, उणे १ ते उणे २.५ यांच्या दरम्यान असल्यास ती कमी व उणे २.५ किंवा त्याखाली असल्यास अस्थिविरलता समजतात. एका प्रमाण विचलनाइतकी घट झाल्यास अस्थिभंगाचा धोका सु. दीडपट ते दुप्पट होतो.

हा अंक उपयुक्त असला, तरी त्याची मर्यादा ओळखली पाहिजे. मनगट मोडलेल्या स्त्रियांपैकी पुष्कळ जणींचा टी-अंक उणे २.५ च्या वरच असतो. अंक ‘बरा’ आला म्हणून धोका टळला असे होत नाही. डेक्सा उपकरण हाडाची सावली मोजते, जाडी मोजत नाही. त्यामुळे लहान चणीच्या भारतीय स्त्रीची अस्थिघनता वास्तविकाहून काहीशी कमी दिसू शकते. घनता म्हणजे बळ नव्हे, हे तर फ्ल्युओराइडाने निर्विवादपणे दाखवून दिले आहे. सोडियम फ्ल्युओराइडाने अस्थिविरलतेवर उपचार करण्याचा प्रयोग अमेरिकेत झाला. १९९० मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्याच्या निष्कर्षांनुसार मणक्यांची घनता सु. ३५ टक्क्यांनी वाढली, परंतु मणक्यांखेरीज इतर हाडांचे अस्थिभंग कमी न होता वाढले. यवतमाळ व चंद्रपूर यांसारख्या जिल्ह्यांतील ज्या गावांच्या भूजलात फ्ल्युओराइड अधिक आहे, तेथील दीर्घकाळ बाधित व्यक्तींची हाडे क्ष-किरण चित्रात दाट दिसतात, पण ती ठिसूळ असतात.

मराठवाड्यातील परिस्थिती : या विषयावरील बहुतेक माहिती युरोप व अमेरिका येथील शहरी स्त्रियांच्या पाहण्यांवर आधारलेली आहे. ती महाराष्ट्राच्या ग्रामीण भागास लागू करताना विचार करावा लागतो. परभणी जिल्ह्यातील जिंतूर तालुका हे त्याचे चांगले उदाहरण होय. पूर्णा नदीवरील येलदरी धरणाचा परिसर वगळता हा तालुका मुख्यतः कोरडवाहू असून ज्वारी, तूर, कापूस व सोयाबीन ही तेथील पिके होत. येथील शेतकरी व शेतमजूर स्त्री खुरपणी, वेचणी, डोक्यावरून पाणी व सरपण वाहणे अशी कामे वर्षानुवर्षे करते. भार वाहण्याने हाडे बळकट राहतात, त्यामुळे या कष्टांचा हाडांना लाभच होतो. परंतु हा लाभ काम चालू असेपर्यंतच टिकतो. गुडघे दुखू लागले, दृष्टी अधू झाली की स्त्री घरी बसते आणि भार व ऊन दोन्ही एकदमच सुटतात.

आहाराचा हिशेब उद्बोधक आहे. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या २०२० च्या शिफारशींनुसार ऋतुनिवृत्तीनंतर स्त्रीस दररोज १,२०० मिग्रॅ. कॅल्शियमाची आवश्यकता असते. ज्वारीच्या १०० ग्रॅ. पिठात ते सु. २८ मिग्रॅ.च असते. दिवसाकाठी ४०० ग्रॅ. पिठाच्या भाकरी खाल्ल्या, तरी सु. ११० मिग्रॅ. मिळते, ५० ग्रॅ. तुरीच्या डाळीतून सु. ३५ मिग्रॅ. व चहातील अर्धा कप दुधातून सु. १०० मिग्रॅ. मिळते. धान्यातील फायटेटामुळे यातीलही काही भाग शोषला जात नाही. नाचणीत ज्वारीच्या बारा-तेरा पट कॅल्शियम असते, परंतु ते कोकण व घाटमाथ्याचे धान्य. मराठवाड्यात ते रोजच्या आहारात नाही. शेवग्याचा पाला व तीळ ही तेथील उपलब्ध साधने होत. तिळात १०० ग्रॅ. मागे १,२०० मिग्रॅ.हून अधिक कॅल्शियम असते. मात्र सालीतील ऑक्झॅलेटामुळे त्याचे शोषण पूर्णपणे होत नाही. पाण्याचा वाटा सहसा कोणी मोजत नाही. बेसाल्ट खडकातील विहिरींचे पाणी कॅल्शियमयुक्त व जड असते, त्यामुळे तीन-चार लिटर पाण्यातून भाकरीइतके किंवा त्याहून अधिक कॅल्शियम मिळू शकते. अलीकडे गावोगावी विकत मिळणारे, क्षार काढून टाकलेले ‘जारचे पाणी’ प्याल्यास हा वाटा जवळजवळ नाहीसा होतो. पाण्यात फ्ल्युओराइड वा नायट्रेट अधिक असेल तेथे अर्थात शुद्ध केलेले पाणीच योग्य; पण त्या घरात दूध-ताकाची भर घालणे जरूर ठरते.

ड जीवनसत्त्वावाचून आहारातील कॅल्शियम आतड्यातून नीट शोषले जात नाही. हे जीवनसत्त्व त्वचेत सूर्यप्रकाशाने तयार होते. जिंतूर सु. १९.६° उत्तर अक्षांशावर असून तेथे पावसाळा सोडल्यास उन्हाची वाण नाही. तथापि डोईवरचा पदर, अंगभर वस्त्रे, सावळी त्वचा व म्हातारपणी घटणारी त्वचेची क्षमता यांमुळे ऊन मुबलक असूनही जीवनसत्त्व मात्र अपुरे, अशी स्थिती आढळते. पुणे व मुंबई येथील पाहण्यांत सर्व वयोगटांत ड जीवनसत्त्वाची न्यूनता मोठ्या प्रमाणावर दिसून आली आहे. तीव्र न्यूनतेत अस्थिमार्दव होते. त्यात अस्थिद्रव्य कमी नसते, तर त्याचे खनिजीभवन अपुरे असते. डेक्सा उपकरणास हा भेद कळत नाही. अंग दुखणे, बसल्या जागेवरून उठताना मांड्यांत बळ नसणे ही लक्षणे असल्यास वैद्याने त्याची शंका घ्यावी.

या भागात आणखी एका कारणाकडे लक्ष देणे अत्यावश्यक आहे. भारतीय स्त्रियांची ऋतुनिवृत्ती सरासरी ४६-४७ व्या वर्षी, म्हणजे पाश्चात्त्य स्त्रियांपेक्षा तीन-चार वर्षे आधी होते. त्यात शस्त्रक्रियेने आणलेल्या अकाली ऋतुनिवृत्तीची भर पडते. परभणीस लागून असलेल्या बीड जिल्ह्यातील ऊसतोड कामगार स्त्रियांमध्ये गर्भाशय काढून टाकण्याच्या (‘पिशवी काढण्याच्या’) शस्त्रक्रियांचे प्रमाण असाधारण असल्याचे उघडकीस आल्यावर महाराष्ट्र शासनाने २०१९ मध्ये नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. पाहणी केलेल्या सु. ८२ हजार स्त्रियांपैकी १३ हजारांहून अधिक जणींची अशी शस्त्रक्रिया झालेली होती. मजुरीचे दिवस बुडू नयेत म्हणून स्वीकारलेल्या या शस्त्रक्रियेत गर्भाशयाबरोबर बीजांडकोशही काढले, तर स्त्रीमदजनाचा पुरवठा एका दिवसात थांबतो. पस्तिसाव्या वर्षी बीजांडकोश काढलेल्या स्त्रीच्या हाडांची झीज इतर स्त्रियांपेक्षा दहा-बारा वर्षे आधी सुरू होते. बीजांडकोश ठेवले, तरी ते काहीसे लवकर निकामी होण्याचा संभव असतो. मनगट मोडून आलेल्या स्त्रीस पाळी केव्हा व कशी गेली, हे विचारणे म्हणूनच निदानाचा भाग आहे. गुडघेदुखी वा दमा यांवर दीर्घकाळ घेतलेल्या औषधांत, विशेषतः नाव नसलेल्या पुड्यांमध्ये, स्टेरॉइडे असल्यास हाडांचा क्षय आणखी वेगाने होतो. त्यांचीही चौकशी करावी.

उपचार : पडल्यावर मनगट सुजते, दुखते व वाकडे दिसते. प्रथम हातातील बांगड्या, पाटल्या व अंगठ्या काढाव्यात. सूज चढल्यावर त्या रुतून बसतात व रक्तप्रवाह अडतो. काचेच्या बांगड्या ‘वाढविण्यास’ सुवासिनी स्त्रिया नाखूश असतात, असा अनुभव खेडोपाडी येतो. अशा वेळी दुसऱ्या हातातील बांगड्या राहू देऊन घरच्या वडील स्त्रीकरवी समजूत घालणे सोपे जाते. हात लाकडी पट्टीवर वा घडी केलेल्या पुठ्ठ्यावर सैल बांधून गळ्यात अडकवावा. हाडवैदाकडून बांबूच्या कामट्या आवळून बांधण्याची प्रथा अद्याप आढळते. हाड त्यानेही जुळू शकते. धोका हाडापेक्षा आवळण्याचा आहे. बोटे निळी पडणे, बधिर होणे, बोटे सरळ करताना असह्य कळ येणे ही लक्षणे दिसताच बंध सोडावा, मग तो कामटीचा असो वा प्लॅस्टरचा.

रुग्णालयात जागा बधिर करून हाड ओढून बसवितात व कोपराखाली प्लॅस्टर घालतात. पहिल्या दोन आठवड्यांत तुकडा पुन्हा सरकण्याचा संभव असल्याने क्ष-किरण चित्र परत घ्यावे लागते. प्लॅस्टर सु. सहा आठवडे ठेवतात. या काळात बोटे, कोपर व खांदा दररोज हालविणे प्लॅस्टरइतकेच महत्त्वाचे असते. तसे न केल्यास हाड जुळते, पण हात निकामी होतो. सतत दाहक वेदना, चकाकणारी ताठर त्वचा व सांध्यांचा आखडलेपणा असा एक उपद्रव कधीकधी उद्‌भवतो. त्याचे वर्णन जर्मन शस्त्रवैद्य पाउल झूडेक यांनी १९०० मध्ये केले. मध्य तंत्रिकेवर (मज्जेवर) दाब येऊन अंगठा व लगतची बोटे बधिर होणे आणि काही आठवड्यांनी अंगठा सरळ करणारी कंडरा तुटणे हे इतर उपद्रव होत. विसाव्या शतकाच्या अखेरीपासून धातूची पट्टी व स्क्रू बसवून हाड जोडण्याची शस्त्रक्रिया फार प्रचलित झाली आहे. तरुण रुग्णांत व सांध्याचा पृष्ठभाग फुटला असताना तिचा उपयोग निश्चित होतो. पासष्टीपुढील रुग्णांत मात्र वर्षभरानंतर हाताचे कार्य प्लॅस्टर घातलेल्यांपेक्षा विशेष सरस नसते, असे तुलनात्मक चाचण्यांत दिसून आले आहे. मनगट थोडे वाकडे राहिले तरी वृद्ध स्त्री भाकरी थापू शकते. कर्ज काढून ही शस्त्रक्रिया करण्यापूर्वी कुटुंबाने एवढी माहिती विचारून घ्यावी.

प्लॅस्टर निघाल्यावर : येथेच बहुधा प्रकरण मिटते व खरी चूकही येथेच होते. हाड कोणत्या कारणाने मोडले याची विचारणा होत नाही. तालुक्याच्या ठिकाणी डेक्सा उपकरण क्वचितच असते. परंतु त्यावाचून अडत नाही. आशियाई स्त्रियांच्या पाहणीवरून २००१ मध्ये सुचविलेल्या एका सोप्या रीतीत किलोग्रॅममधील वजनातून वय वजा करून बाकीस ०.२ ने गुणतात. उत्तर उणे ४ च्या खाली गेल्यास अस्थिविरलतेचा संभव फार, उणे १ च्या वर असल्यास कमी. ४० किग्रॅ. वजनाच्या ६६ वर्षांच्या स्त्रीचा अंक उणे ५.२ येतो. एवढ्या तपासणीस वजनकाटा पुरतो. इंग्लंडमधील शेफील्ड विद्यापीठात २००८ मध्ये तयार झालेली ‘फ्रॅक्स’ ही गणनपद्धतीही अस्थिघनतेच्या आकड्याशिवाय वापरता येते. तीत वय, वजन, उंची, पूर्वीचा अस्थिभंग, आईवडिलांचा खुब्याचा अस्थिभंग, धूम्रपान, स्टेरॉइडे इ. बाबी विचारात घेऊन पुढील दहा वर्षांतील धोका काढतात.

औषधांपैकी बिसफॉस्फोनेट वर्गातील ॲलेंड्रोनेट १९९५ पासून वापरात आहे. आठवड्यातून एकदा सकाळी उपाशीपोटी पेलाभर साध्या पाण्याबरोबर ते घेऊन अर्धा तास आडवे न होता राहावे लागते, अन्यथा अन्ननलिकेस इजा होते. वर्षातून एकदा शिरेवाटे देण्याचे झोलेड्रोनिक अम्ल दूरच्या गावांतील रुग्णांस सोयीचे पडते. ही औषधे मणके व खुबा यांचे अस्थिभंग निश्चितपणे कमी करतात. मनगटाच्या बाबतीत त्यांचा लाभ कमी आहे. मनगट मोडल्यावर ती द्यावयाची ती मुख्यतः खुबा वाचविण्यासाठी. दीर्घकाळ घेतल्यास जबड्याच्या हाडाचा मृतक्षय व मांडीच्या हाडाचा वेगळ्याच प्रकारचा अस्थिभंग हे विरळ दुष्परिणाम संभवतात, म्हणून काही वर्षांनी ती थांबविण्याचा विचार करतात. स्त्रीमदजन देऊनही अस्थिभंग कमी होतात. परंतु त्याच्या जोडीने प्रोजेस्टोजेन दिल्यास स्तनाचा कर्करोग व पक्षाघात यांचा धोका वाढतो, असे २००२ मध्ये अमेरिकेतील मोठ्या चाचणीत आढळल्याने वयस्क स्त्रियांत केवळ हाडांसाठी ते सहसा देत नाहीत. अकाली बीजांडकोश काढलेल्या तरुण स्त्रीची गोष्ट वेगळी. तिला नैसर्गिक ऋतुनिवृत्तीच्या वयापर्यंत ते देणे इष्ट असते. ड जीवनसत्त्वाच्या बाबतीत अतिरेक टाळावा. ऑस्ट्रेलियात वृद्ध स्त्रियांना वर्षातून एकदा ५ लाख एककांची मात्रा दिली असता त्यांचे पडणे व अस्थिभंग दोन्ही वाढले (२०१०).

पडणे टाळण्यास औषध लागत नाही. न्हाणीची शेवाळलेली फरशी, उंच उंबरा, पहाटे अंधारात परसाकडे जाण्याची वाट, झिजलेली रबरी चप्पल व झोपेच्या गोळ्या ही पडण्याची नेहमीची कारणे होत. मोतीबिंदूचा वाटाही मोठा आहे. इंग्लंडमधील नॉटिंगहॅम येथे सत्तरीपुढील स्त्रियांवर झालेल्या व २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत एका डोळ्याच्या मोतीबिंदूची शस्त्रक्रिया लवकर केलेल्या गटात पडण्याचे प्रमाण, शस्त्रक्रियेची वाट पाहणाऱ्या गटापेक्षा, सु. एक-तृतीयांशाने कमी आढळले.